कवेलूवर डांबर फासण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

मृग जवळ आला की विदर्भातल्या गावोगावी मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: जुन्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, डांबरात जळके ऑइल मिसळून एक हात मारावा, म्हणजे दहा वर्षे गळती नाही आणि दरसाल कवेलू फेरण्याची, म्हणजे उतरवून पुन्हा रचण्याची, कटकटही नाही, परदेशात तर छपरेच डांबरी असतात.

कवेलू जुने झाल्यामुळे त्यातून पाणी झिरपते, हे या सल्ल्याचे गृहीतक आहे. भाजलेली माती थोडे पाणी शोषते हे खरे. परंतु उतार नीट असेल तर उघडीप मिळताच ती वाळते. घरात धार लागते ती सरकलेल्या, तडकलेल्या किंवा माकडांनी फोडलेल्या कवेलूंमधून, नाही तर कवेलूंच्या नळीत कडुनिंबाचा पाला तुंबून पाणी बाजूला वळल्यामुळे.

दहा वर्षांचा दावा तर आपल्या उन्हापुढेच टिकत नाही. रस्त्याला वापरले जाणारे व्हीजी-३० प्रतीचे डांबर सुमारे ४७ ते ५० अंशांपासून मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर गेली की काळे छप्पर ६० अंशांच्याही वर तापते. त्यात ऑइल घातले की ते आणखी पातळ होऊन उतारावरून ओघळते आणि पावसाबरोबर अंगणात व विहिरीकडे जाते. परदेशी डांबरी शिंगलमध्ये, म्हणजे छपरावर ठोकायच्या तयार पट्ट्यांमध्ये, काचतंतूंची चटई असते व वर खनिजांचे बारीक खडे दाबलेले असतात, कारण उघडे डांबर उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होते. तो दाखला इथे लागूच पडत नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र फेरणी बंद पडण्याचे आहे. फेरताना कवेलू उतरवले जातात, पाला झाडला जातो, फुटके बदलले जातात आणि मुख्य म्हणजे खालच्या कमच्या (बांबूच्या पट्ट्या), फाटे (वासे) व मयाल (तुळई) उघडे पडून उधई, म्हणजे वाळवी, कुठवर आली ते दिसते. डांबराने कवेलू एकमेकांना चिकटले की एक फुटका काढताना शेजारचे चार फुटतात. फटी बुजल्यामुळे चुलीचा धूर आणि ओल आतच कोंडते, लाकूड कुजू लागते, आणि वरून सारे काळेभोर व धडधाकट दिसत असल्याने ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आढ्यावरचा चुन्याचा किंवा सिमेंटचा जोड तडकला असल्यास तो पुन्हा भरावा, एवढी डागडुजी रास्त आहे. ऐन पावसात गळती लागली, तर कवेलू आणि कमच्यांच्या मध्ये ताडपत्री सरकवून तेवढा हंगाम काढता येतो. पावसाळा सरल्यावर मात्र ती काढून घ्यावी.