आठ मीटर आत

परवा एका गृहस्थांनी मला बसायला खुर्ची दिली आणि थोड्याच वेळात मला उठवून ती परत आत नेली. खुर्ची प्लास्टिकची होती, एका पायाला तार गुंडाळलेली होती, पण तो मुद्दा नाही.

मुद्दा माझ्या ओम्नीच्या हेडलाईटचा. ओम्नी बनायचीच बंद झाली 2019 साली, आणि माझी त्याच्याही बरीच आधीची. वयोमानाने तिची नजर गेलेली. रात्री तासगाव रस्त्याला लागलं की पुढे रस्ता आहे असं गृहीत धरून चालवायचं. त्यात गळीत हंगाम. मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, अशा उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात निवांत उभ्या. ओम्नीला पुढे बोनेट नाही. ट्रॉली आणि माझे गुडघे यांच्यामध्ये एक पत्रा आणि कुलदैवत, एवढंच.

स्पेअर पार्टच्या दुकानातलं पोरगं म्हणालं, "काका, एलईडी बल्ब टाका. दिवस उगवतोय बघा!"

"आणि समोरून येणाऱ्याचं काय?"

"त्यो हुतोय की गप बाजूला."

ओम्नीचा एच-फोर हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचा. त्यात अप्परची, म्हणजे लांबच्या उजेडाची एक तार, डिपरची, म्हणजे जवळच्या उजेडाची एक, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरवरून तो समोरच्याच्या डोळ्यांकडे उसळत नाही. सगळी सभ्यता त्या वाटीत. त्याच रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी कोंबला की उजेड जातो झाडावर, पाटीवर आणि समोरच्याच्या बुबुळात. रस्त्यावर पडलाच तर पडला.

म्हणून मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर पावणेबारा. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त उजेड जुन्या वायरी आणि स्टेअरिंगखालचा स्विच मिळून खात होते. मिस्त्रींनी रिले, म्हणजे बल्बला बॅटरीतून थेट वीज सोडणारा स्विच बसवला, बॅटरीपासून जाड वायर ओढली, फ्यूज घातला. बल्ब पूर्वीच्याच वॅटचे, फक्त आता त्यांना पोटभर मिळायला लागलं.

उरला फोकस. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे: दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. मिस्त्री म्हणाले, सपाट जागेत भिंतीपासून आठ मीटरवर गाडी लावा, दिव्याच्या उंचीला एक खूण करा, तिच्याखाली तीन इंचांवर दुसरी. डिपरची वरची कड खालच्या खुणेवर आणायची. आमच्या भागात एवढी सरळ भिंत एकच, पलीकडच्या गल्लीतल्या बंगल्याचं कंपाउंड. दिवेलागणीला गाडी लावली, टेप पसरली आणि भिंतीवर लाल इन्शुलेशन टेपची पहिली पट्टी चिकटवली.

फाटक वाजलं. लुंगी-बनियनमधले गृहस्थ.

"किती आत येतंय साहेब?"

मी आकड्यांत गुंतलेलो. मान वर न करता म्हणालो, "आठ मीटर."

गृहस्थांनी फाटक धरलं. आठ मीटर आत म्हणजे तुळस, जिना, हॉल आणि नुकत्याच टाईल्स लावलेलं देवघर.

"बाळ्या! साहेबांना खुर्ची आण. आणि आत चहा टाकाय सांग."

मी बसलो. दिवसभराचे पाय दुखत होते. "अहो, आठ मीटरवर, दीड मीटर उंचीला... नियमच आहे तसा."

"नियमाला कोण न्हाई म्हणतंय? पण समोरच्याचं बघा की. पायरी गटारावर आणलीया त्यानं."

समोरचा तेवढ्यात प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स घेऊनच आला. (ही माणसं झेरॉक्स उशाशी घेऊन झोपतात की काय!) "साहेब, मोजायचंच तर ह्यांच्याकडनं मोजा. ह्यांची भिंतच दोन फूट रस्त्यात हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं. बांधतानाच बोलला हुता."

मग गृहस्थ माझ्या कानाशी वाकले. "ते दीड मीटरचं काय म्हणालात? दीडवर भागत असंल तर आपण आत बसून बोलू."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "अहो, मी कार्पोरेशनचा नाही. ही माझी गाडी. समोरच्याच्या डोळ्यांवर लाईट जाऊ नये म्हणून फोकस लावतोय."

गल्ली गप्प झाली. गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"म्हंजे तुमी कोणच न्हाई?"

याला काय उत्तर द्यायचं? पत्ता सांगावा तर उद्या घरी येतील.

"उठा मग. बाळ्या, खुर्ची घे आत." चहा फाटकापर्यंत आला होता, तो समोरच्याने प्यायला. "आणि ती पट्टी काढा. रंगाचा पोपडा निघाला तर रंग लावून द्यायचा." त्यावर समोरचा हळूच म्हणाला, "राहू द्या की पट्टी दोन-चार दिस."

भिंत पाडायला आलेल्याला खुर्ची आणि चहा. लोकांचे डोळे वाचवायला आलेल्याला पोपड्याचं बिल. असू दे. फोकस मात्र मी लावलाच, उभ्याने, स्क्रू पाव-पाव आटे फिरवून.

पूर्वी हेडलाईटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासलेल्या गाड्या दिसायच्या. ट्रकच्या पाठीवर अजूनही रात्री डिपर वापरायची विनंती असते. ती वाचणार कोण? पिकअपच्या टपावर एलईडीची पट्टी, मोटारसायकलच्या हँडलला शेतातल्या पंपावर शोभतील असे दोन पांढरे दिवे, आणि डिपरचा खटका सगळ्यांचा गंजलेला. आपण डिपर मारावा तर समोरच्याला वाटतं आपण घाबरलो.

काल रात्री तासगावच्या अलीकडे असाच एक पिकअप आला. मी डिपर दिला, पुन्हा दिला, शेवटी ब्रेक दाबून साइडपट्टीवर उतरलो. तो मागे कुठेतरी वळला असावा, कारण पुढच्या टपरीवर मी चहा सांगतोय तोवर शेजारी येऊन थांबला. उतरला, माझ्या गाडीपुढे वाकला आणि कळवळून म्हणाला, "काका, लाईट फार कमी हाय तुमच्या गाडीला. समोरनं दिसलाच न्हाईसा. एलईडी घाला."