‘फौजी गड्याला कसला मानसिक आजार?’ : एका फॉरवर्डला उत्तर

माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या फिरत असलेला एक लांबलचक संदेश अखेर माझ्या मामींपर्यंत पोहोचला आणि तो वाचून त्यांनी मामांच्या गोळ्यांची पाकिटे कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले असून त्यांच्या नोकरीतली काही वर्षे काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलात गेली आहेत. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : आघातानंतरचा मानसिक ताण, म्हणजे पीटीएसडी, हा पाश्चात्त्यांचा आजार असून संस्कारांचे बळ आणि कुटुंबाचा आधार असलेल्या आपल्या जवानाला तो होत नाही, झाला तर तो भित्रेपणा समजावा, लष्कर माजी सैनिकाचे सगळे उपचार आयुष्यभर फुकट करते, तरीही या आजाराच्या नावावर डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेमुळे आलेल्या आजार-अपंगत्वाचे निवृत्तिवेतन, मागणारे लबाड आहेत, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्यास कागदावर नोंद होऊन पेन्शन बंद पडते आणि गोळ्यांची सवय लागते, म्हणून गोळ्या ताबडतोब सोडून प्राणायाम सुरू करावा. यातील शेवटचा मुद्दा माणसाच्या जिवावर उठणारा आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

मनोविकारतज्ज्ञाकडे उपचार घेतले म्हणून माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन बंद होत नाही. ते केलेल्या सेवेचे असते. गंभीर गुन्हा किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते रोखता येते, आजारपण हे त्याचे कारण होऊ शकत नाही. ही अफवा इतकी का पसरते, हे मात्र मला समजते, कारण तिच्या मुळाशी एक अर्धसत्य आहे. सेवेत असताना जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या पद्धतीने ठरते, त्यातले पहिले अक्षर मानसिक आरोग्याचे असते, आणि ती श्रेणी खाली आली की माणूस ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जाऊन त्याच्या बढतीवर आणि पोस्टिंगवर परिणाम होतो. त्या भीतीपोटी अनेकजण सेवेत असेपर्यंत तोंड उघडत नाहीत, आणि तीच भीती बरोबर घेऊन घरी येतात. परंतु घरी आल्यावर श्रेणीही उरत नाही आणि बढतीही उरत नाही. उलट, उद्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठी दाद मागायची वेळ आली, तर आजार कधी सुरू झाला, कोणत्या डॉक्टरने काय निदान केले आणि कोणते उपचार दिले, हे सांगणारी कागदपत्रेच उपयोगी पडतात. ज्या नोंदीची हा संदेश भीती घालतो, ती नोंद नसल्यामुळेच माणसे हात हलवत परत येतात.

गोळ्यांविषयीचा सल्ला तर सरळ घातक आहे. पीटीएसडीवर प्रामुख्याने दिली जाणारी सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन ही औषधे व्यसन लावणारी नाहीत. पण ती एकाएकी बंद केली तर चक्कर, मळमळ, निद्रानाश, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टर ती पायरीपायरीने कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे आहे, आणि पीटीएसडीसाठी त्या शक्यतो टाळाव्यात असे अमेरिकी माजी सैनिकांसाठीची उपचारतत्त्वेही सांगतात. तेवढे संदेशकर्त्याचे बरोबर आहे. मात्र त्याच गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर अचानक तोडल्या तर फिट येण्याचा धोका असतो, हे त्याने लिहिलेले नाही. प्राणायामाला माझा विरोध नाही. तो गोळ्यांच्या आणि समुपदेशनाच्या जोडीला करावा, त्यांच्या जागी नव्हे. गोळी बंद झालेल्या घरात रात्रीची झोप आणण्याचे काम बहुतेक वेळा कॅन्टीनच्या रमकडे जाते, आणि त्याचे पुढे काय होते हे सैनिकी गावांत कोणाला सांगावे लागत नाही.

आता ‘पाश्चात्त्यांचा आजार’. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९८० साली आले, पण आजार त्या साली जन्माला आला नाही. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ झालेल्या सैनिकांविषयी लिहिले, तेव्हा फ्रान्समधल्या त्याच खंदकांत हिंदुस्थानी पलटणीही लढत होत्या. संदेशकर्त्याला पुस्तकी पुरावा नको असेल, तर त्याने आमच्या मामांबरोबर एकदा शेतावर चालत जावे. वाटेतल्या प्रत्येक मोरीपाशी मामा थांबतात, खाली वाकून दोन्ही तोंडे बघतात आणि मगच पुढे पाऊल टाकतात. एकदा साखर कारखान्याच्या ट्रॉलीतून पडलेला प्लॅस्टिकचा कॅन रस्त्यावर दिसला, तेव्हा त्यांनी मागून येणारे दोन ट्रॅक्टर हात आडवे करून अडवून धरले. घामाने भिजलेला त्यांचा सदरा आणि ट्रॅक्टरवाल्याचे वैतागलेले तोंड मला अजून आठवते. रोड ओपनिंग पार्टीत, म्हणजे ताफ्यासाठी रस्ता निर्धोक करणाऱ्या तुकडीत, पहाटे ताफ्याच्या आधी निघून रस्त्यावरचा प्रत्येक डबा, प्रत्येक मोरी आणि उकरलेल्या मातीचा प्रत्येक ढीग तपासायचा असतो, कारण एक नजर चुकली तर मागची गाडी उडते. जे शरीर वर्षानुवर्षे त्या शिस्तीत राहिले, ते सातारा जिल्ह्यात परतले म्हणून तिला विसरत नाही. यात संस्कारांचा किंवा भित्रेपणाचा काय संबंध आहे?

कुटुंबाचा आधार असला की या आजाराचा धोका कमी होतो, हे संशोधनातही दिसते, आणि संदेशातले तेवढे वाक्य मी मान्य करतो. धोका कमी होणे म्हणजे आजार न होणे नव्हे. शिवाय जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो आणि ज्यांना काही समजावून सांगावे लागत नव्हते, ते पलटणीतले सोबती त्याच दिवशी सुटतात. ती उणीव घरचे प्रेम पूर्ण भरून काढील, असे गृहीत धरणे हा घरच्यांवरही अन्याय आहे.

‘आयुष्यभर सगळे फुकट’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, चांगली आहे, परंतु तिच्या नावातच अंशदान, म्हणजे स्वतःची वर्गणी, आहे आणि ती मुख्यतः पेन्शनरांसाठी आहे. योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये मनोविकारतज्ज्ञ सहसा बसत नाही. तेथून रेफरल घेऊन लष्करी किंवा पॅनेलवरील रुग्णालयात जावे लागते. आणि जो जवान निदान न होताच दारू, रजा संपूनही गैरहजेरी, रेड इंक एंट्री (शिक्षेची लाल शाईतली नोंद) या मार्गाने पेन्शनपात्र सेवेआधी बाहेर पडला, ज्याला मदतीची गरज कदाचित सर्वांत जास्त आहे, तो बहुधा या योजनेच्या दाराबाहेरच उभा राहतो.

राहिला लबाडीचा आरोप. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात डिसॅबिलिटी पेन्शनसह निवृत्त होणाऱ्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच अधिक असल्याचे आणि त्यांत रक्तदाब-मधुमेहासारखे जीवनशैलीचे आजार मोठ्या संख्येने असल्याचे नोंदवले आहे. त्यावर चौकशी जरूर व्हावी; पण त्यावरून काश्मीरहून परतलेल्या शिपायाला लबाड कसे ठरवता येते? त्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार हा २०१३ चा निकाल उभा आहे. लष्कराच्या सिग्नल्स (संदेशवहन) शाखेतल्या या जवानाला फिट येऊ लागल्यामुळे नऊ वर्षांच्या सेवेनंतर बोर्ड आऊट करण्यात, म्हणजे वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढण्यात, आले आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असे सांगून पेन्शन नाकारण्यात आली. न्यायालयाने अशा पेन्शनच्या पात्रतेच्या १९८२ च्या नियमांवर बोट ठेवून सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान शरीराने व मनाने निरोगी होता असेच मानावे लागेल, आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकता येणार नाही, वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळेल आणि वैद्यकीय मंडळाला आपल्या मताची कारणे द्यावी लागतील. त्या नियमांत तर फील्डमधील, म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेच्या भागातील, सेवेच्या प्रकरणी हा फायदा अधिक उदारपणे द्यावा, असेही लिहिलेले आहे. मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियामुळे बाहेर काढलेल्या एका जवानाच्या बाबतीतही कारणे न देणारे वैद्यकीय मत सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले नाही. स्वतःच्या हक्काचे मागायला जाणाऱ्या माणसाला ज्या देशात न्यायालयापर्यंत जावे लागते, तेथे संशय त्याच्यावर घ्यायचा, ही रीत मला संतापजनक वाटते. एक खबरदारी मात्र सांगणे आवश्यक आहे : २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, तेव्हा त्यांनी जुन्या निकालाच्या भरवशावर न राहता सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा, सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करता येते.

आपल्या सैनिकांना हा त्रास होतच नाही असे लष्कराचे मत असते, तर पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये १ डिसेंबर २०२३ रोजी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा सशस्त्र दलांसाठीचा स्वतंत्र कक्ष सुरू झालाच नसता. मामींना मी हे सारे वाचून दाखवले, आणि गोळ्यांबाबत जे काही ठरेल ते डॉक्टरांशी बोलूनच ठरेल, असे त्यांनी कबूल केले आहे. ज्या ज्या ग्रुपवर तो संदेश आला असेल, त्या प्रत्येक ग्रुपवर टेलिमानसचा क्रमांक टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे : १४४१६. हा फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.