‘आदिवासी ताल म्हणजे बेभान बडवणं’: त्या फॉरवर्डला उत्तर

माझा भाचा ड्रम शिकतो. परवा भावाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि त्याला विचारलं, “हेच शिकतोस का तू?” त्यात अंडरग्राउंड रॉकबद्दल, म्हणजे आदिवासी ताल आणि भंगाराचे आवाज वापरणाऱ्या, मुख्य बाजाराबाहेरच्या रॉकबद्दल, चार दावे आहेत. आदिवासी वादनाला नियम नसतात, ते नुसतं बेभान बडवणं. भंगार तेच वाजवतात ज्यांना वाद्य येत नाही. भंगार वाजवायचं हे खूळ १९८० मध्ये जर्मनांनी काढलं. आणि सगळे ताल आदिवासींकडून चोरलेले. पोराचं तोंड एवढंसं झालं, म्हणून हे लिहायला बसले.

पहिला दावा सगळ्यात खोटा आणि सगळ्यात विखारी. पश्चिम आफ्रिकेत घाना-टोगोतल्या एवे लोकांचं वादन घ्या. त्यांची लोखंडी घंटा बारा मात्रांच्या आवर्तनात सात ठोके देते, अंतरं दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक. हे टाळीवर वाजवा आणि पायाने दर तीन मात्रांनी ठेका धरा. हात आणि पाय लगेच भांडायला लागतात. घंटा हलत नाही; बाकीचे ढोल तिच्या आधाराने आपापली जागा धरतात आणि मुख्य ढोलवाला नाचणाऱ्यांना इशारे देतो. संगीताचे अभ्यासक ए. एम. जोन्स यांनी एवे वादक डेझमंड टे यांच्याकडून हे समजून घेतलं, ठोके कागदाच्या पट्टीवर उमटवणारं यंत्र वापरलं आणि १९५९ साली दोन खंड छापले. ते नुसते चाळले असते तरी हा फॉरवर्ड लिहायची कुणाची हिंमत झाली नसती.

भंगाराचं म्हणाल तर तोच पत्रा टांगला की घुमतो, जमिनीवर टाकला की ठक्क करून मरतो. कुठे मारायचं, कशाने मारायचं, हे कानानेच शोधावं लागतं. आइन्स्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या जर्मन बँडने १९८० साली बर्लिनमधल्या पुलाच्या पोकळ भागात शिरून ध्वनिमुद्रण केलं.

आणि १९८०? अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९३९ सालीच मोटारीचे ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाच्या ब्रेकमधले धातूचे गोल भाग, वाजवायला लावले होते. त्रिनिदादचे लोक १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे वाजवत होते.

चोरीच्या आरोपात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. आफ्रिकेतल्या बुरुंडी देशाच्या ढोलवाल्यांच्या मुद्रणावर १९७१ मध्ये युरोपात कीबोर्ड चढवून रेकॉर्ड काढली. रचनेचं श्रेय ढोलवाल्यांना मिळालं नाही. पण म्हणून ‘सगळे’ चोर? ब्राझीलचा सेपुल्तुरा बँड १९९६ च्या अल्बमसाठी तिथल्या शावांते आदिवासींच्या गावी गेला आणि त्यांच्याबरोबर बसून वाजवलं. तिथे मुद्रित केलेलं गाणं शावांतेंच्या आवाजातच अल्बमवर आहे.