जात्यामागची दासी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक ठरलेलं आहे. कुठे दरड कोसळली, कुठे पूर आला की दोन दिवस सगळे हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहितंच की पाप वाढलं की देव असाच दाखवतो. गेल्या पावसाळ्यात चुलतभावाने लिहिलं, आणि वर माझ्यासाठी म्हणून जोडलं की ताई, तुमच्या तिकडच्या बायबलमध्येपण हेच आहे ना, इजिप्तवर दहा पीडा पाठवल्याच की देवाने. तुमच्या तिकडच्या म्हणजे मी न्यू जर्सीत राहते म्हणून. ग्रुपवर दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही राहतो तिथे ज्यू वस्ती मोठी आहे आणि शेजारचे आजी-आजोबा दरवर्षी आम्हाला पेसाख या सणाच्या सेदरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, बोलावतात (मराठी बायबलमधला वल्हांडण सण तो हाच). जेवायच्या आधी इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची सगळी गोष्ट वाचतात, आणि दहा पीडांपाशी आलं की प्रत्येक जण करंगळी आपल्या वाईनच्या पेल्यात बुडवतो आणि एकेक नाव घेत एकेक थेंब ताटलीत टाकतो. दाम, म्हणजे हिब्रूत रक्त. मग बेडूक, उवा, हिंस्र जनावरं, गुरांचा रोग, फोड, गारा, टोळधाड, अंधार, आणि शेवटी पहिल्या मुलांचा मृत्यू. पांढऱ्या ताटलीत दहा लाल ठिपके. पहिल्या वर्षी मला वाटलं शत्रूचा नाश झाला त्याचा हा जल्लोष असणार. आजोबा म्हणाले उलट आहे, माणसं मेली ना, मग आपला पेला तेवढा कमी भरलेला पाहिजे. तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात आहे म्हणे, इजिप्तचं सैन्य समुद्रात बुडत होतं तेव्हा देवदूत गाणं म्हणायला निघाले आणि देवाने त्यांना थांबवलं, माझ्या हातची लेकरं बुडतायत आणि तुम्ही गाता? पेसाखच्या शेवटच्या दिवसांत स्तुतीची स्तोत्रं पूर्ण न म्हणता अर्धीच म्हणतात, त्याचं एक कारण हेच सांगतात.

आता चुलतभावाचा मुद्दा. हिब्रूत या पीडांना मक्कोत म्हणतात, म्हणजे सरळ तडाखे, आणि ते बसले कुणाला? ज्या फारोने, म्हणजे इजिप्तच्या राजाने, ज्यूंच्या पूर्वजांच्या अख्ख्या जमातीला विटा थापायला लावलं, त्यांचे जन्मलेले मुलगे नाईलमध्ये फेकायचा हुकूम काढला, त्याच्या राज्याला. तेही बहुतेक वेळा आधी जाऊन सांगून, लोकांना सोड नाहीतर असं होईल म्हणून. त्या जमातीचा पुढारी मोशे सकाळी नदीकाठी त्याला गाठून सांगतो. पहिल्या पाच पीडांपर्यंत फारो स्वतःच मन घट्ट करतो, देवाने त्याचं मन कठीण केलं हे सहाव्या पीडेपासून येतं. म्हणजे ही गोष्ट सत्तेवर बसलेल्याला दिलेल्या इशाऱ्यांची आहे. दरडीखाली गेलेल्या माणसाच्या पापाचा हिशोब तिच्यात कुठून काढायचा? त्याला तर कुणी साधा इशाराही दिला नव्हता.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. नदीवर काठी उगारायची असते तेव्हा मोशे नाही, त्याचा भाऊ अहरोन उगारतो. अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार राशी सांगतात की याच नदीने तान्ह्या मोशेला टोपलीत सांभाळलं होतं, तिच्यावर त्याने हात उचलायचा नाही. पाण्याचेसुद्धा उपकार लक्षात ठेवणारी ही माणसं.

पण मला अडतं ते निर्गमच्या, म्हणजे बायबलमधल्या ज्या पुस्तकात ही गोष्ट आहे त्याच्या, अकराव्या अध्यायात. फारोच्या पहिल्या मुलापासून जात्यामागे बसलेल्या दासीच्या पहिल्या मुलापर्यंत सगळे मरतील असं तिथे लिहिलंय. जातं म्हटलं की मला माझी आजी दिसते, पहाटे अंधारात एक पाय लांब करून दळत बसलेली, आणि त्या दासीने कुणाचं काय वाकडं केलं होतं हा प्रश्न मी दरवर्षी विचारते. राशींचं उत्तर असं की तीही त्या गुलाम जमातीला राबवत होती आणि त्यांच्या हालात आनंद मानत होती. मला हे पूर्ण पटत नाही. आजोबांनाही नाही. पण दुसऱ्याच्या हालात आनंद मानणं याला राशींनी इतकं मोठं पाप धरलंय हे मात्र मी ग्रुपवरचे मेसेज वाचताना विसरू शकत नाही.

ख्रिस्ती बाजूलाही असंच आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशू विचारतो की ती काय बाकी यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती? आणि स्वतःच नाही म्हणतो, वर ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करा म्हणून सांगतो. हे लिहिलेलं असूनही लोकांनी काय केलं बघा. १३४९ च्या फेब्रुवारीत युरोपातल्या स्ट्रासबुर्ग शहरात प्लेग अजून पोचलाही नव्हता तरी तिथल्या ज्यूंना जिवंत जाळलं, विहिरीत विष टाकल्याचा आरोप ठेवून. सहावे क्लेमेंट पोप आदल्याच वर्षी लेखी सांगून चुकले होते की अरे, याच रोगाने ज्यूसुद्धा मरतायत. इथे अमेरिकेतही २००५ मध्ये कतरिना वादळ आलं तेव्हा काही धर्मोपदेशक म्हणालेच की न्यू ऑर्लीन्सला शिक्षा झाली.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला आणि गांधीजी म्हणाले ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. मी यात रवींद्रनाथांच्या बाजूची आहे, कारण पडक्या घरांखाली अस्पृश्य म्हणवले गेलेलेही होते. तरी एवढं खरं की गांधीजींनी बोट आपल्याच, सवर्णांच्या पापाकडे दाखवलं होतं. आमच्या ग्रुपवर ते कायम दुसऱ्या जातीकडे, दुसऱ्या धर्माकडे, नाहीतर हल्लीच्या मुलींकडे जातं. आणि माझ्या त्याच आजीच्या तोंडी रोगालासुद्धा देवी आल्या असा शब्द होता, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा, आवाज करायचा नाही, आणि आजारी पोराला तुझ्या पापामुळे झालं असं कुणी म्हणायचं नाही.

या वर्षी सेदरला चुलतभावाचा मेसेज मी आजोबांना इंग्रजीत सांगितला. त्यांनी विचारलं दरडीत किती गेले, कुठलं गाव, मी सांगितलं. वाचन दहा पीडांपाशी आलं, सगळ्यांचे दहा ठिपके पडले, आणि आजोबांनी काही न बोलता करंगळी परत पेल्यात बुडवली.