सौताड्याच्या सहलीबद्दलच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

आमच्या बीडकडच्या कपिलधार-सौताडा धबधब्यांच्या फोटो सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि तीन तक्रारी लिहिल्यात. भाड्याच्या ट्रायपॉडचा पाय सरकत होता, धबधब्यापाशी साडेसातला न्यायचं ठरलेलं असताना नऊ वाजले, आणि "बॅग उचलायला हमालाचे ५०० रुपये वेगळे उकळले".

ट्रायपॉडबद्दल मनापासून माफी मागतो. एका पायाचा क्लॅम्प ढिला होता, तो निघण्याआधी मीच बघायला हवा होता. त्याचं दोन दिवसांचं भाडं, ३०० रुपये, रविवारी रात्रीच तुम्हाला परत पाठवलं आहे. उशिराबद्दलही क्षमा असावी. पण "उकळले" हा शब्द वाचल्यापासून घास गोड लागत नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

ते ५०० रुपये माझ्याकडे आलेच नाहीत. माझ्या पावतीवर ते नाहीत. तुम्ही स्वतःच्या हाताने ते बॅग उचलणाऱ्या गावातल्या मुलाच्या हातात दिलेत. गुरुवारी ग्रुपवर सगळ्यांना मेसेज होता की बॅग आठ किलोच्या आत ठेवा, त्याच्या वर गेली तर ओझ्याला गावातला माणूस मिळेल, त्याचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. आकडा लिहिला नव्हता, ही चूक माझी.

शनिवारी सकाळी शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर सहाही जणांच्या बॅगा मोजल्या. तुमची भरली १६ किलो ४०० ग्रॅम. मी तेव्हाच म्हणालो होतो की सर, मोठी लेन्स दुकानात ठेवा, कुलूप लावून ठेवतो. तुम्ही म्हणालात, नायगावला मोर दिसले तर? तुमची हौस मी समजू शकतो, मीही त्याच नादातला माणूस आहे. पण १५०-६०० एमएमची ती मोठी लेन्स म्हणजे दोन किलो, ७०-२०० ची दीड किलो, वर कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, लॅपटॉप, तीन लिटर पाणी. धबधब्याचा फोटो एफ ८ नाहीतर एफ ११ वर, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून, ट्रायपॉड लावून, अर्ध्या-एक सेकंदाच्या शटरवर काढायचा असतो. तिथे एफ २.८ पर्यंत मोठं तोंड उघडणारी जड लेन्स नेऊन काय मिळणार? एक बॉडी, एक वाइड लेन्स, एक हलकी टेलिफोटो आणि ओल्या खडकांची चकाकी मारायला पोलरायझर फिल्टर, एवढ्यावर आमची बाकीची मंडळी दोन दिवस फिरली.

बॅग भरली होती तीही अशी की जड लेन्सा पार बाहेरच्या कप्प्यात आणि ट्रायपॉड मागे लोंबलेला. जड सामान पाठीला चिकटून आणि जरा वरच्या अंगाला असावं लागतं, नाहीतर बॅग माणसाला मागे ओढते. कमरेचा पट्टाही तुम्ही लावला नव्हता, सगळं वजन खांद्यावर. सौताड्याच्या पायऱ्या उतरताना तुम्ही मध्येच बसलात तेव्हा शर्ट सारून खांदे दाखवलेत, पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. तेव्हा त्या मुलाला मी बोलावलं नाही, तो आपण होऊन आला. गळ्यातल्या टॉवेलची चुंबळ केली, बॅग डोक्यावर घेतली आणि ओल्या पायऱ्यांवरून खाली रामेश्वराच्या देवळापर्यंत एका हाताने धरून नेली. परत येताना तीच चढण, तेच ओझं. एक थेंब पाणी आत गेलं नाही, एका लेन्सला ओरखडा नाही.

आणि सर, तो हमाल नाही. बारावी झाली आहे, पोलीस भरतीची तयारी करतो, त्याच पायऱ्यांवर रोज पळतो. आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. त्याने पैसे मागितलेही नव्हते, किती देऊ म्हणून तुम्हीच मला विचारलंत आणि ५०० हा आकडा मी सांगितला. तो जास्त वाटत असेल तर मला बोला, त्याला नको.

वेळेचं म्हणाल तर नायगावच्या रस्त्याला मोर दिसला म्हणून तुम्ही गाडी थांबवलीत, मोठी लेन्स काढलीत, त्यात पाऊण तास गेला. बाकीचे पाच जण गाडीत बसून होते. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तिथेच मी चुकलो. धपाटे व्हायला वेळ लागला, तो अर्धा तास आमचा. राहिलेला वेळ पायऱ्यांवर गेला. आपण खाली पोहोचेपर्यंत ढग फाटून ऊन पडलं आणि फोटोत पाणी पांढरंफटक जळायला लागलं, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. त्या दिवशी माझाही फोटो झाला नाही.

आमचं वडिलांपासूनचं लग्नाच्या फोटोंचं दुकान. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत एक ऑर्डर नसते. बीडकडे पाऊस मुळात बेताचा, सौताड्याच्या विंचरणा नदीला धो धो पाणी असतं ते मोजके आठवडे, आणि तेवढ्या सहलींवर दुकानाचं भाडं निघतं. तुमचं लिखाण वाचून पुढच्या शनिवारच्या दोघांनी नाव काढून घेतलं. तुम्ही खोटं लिहिलंत असं मी म्हणत नाही, पण त्या ५०० रुपयांपुढे दोन ओळी आणखी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यापुढे ओझ्याचा दर आधीच लिहून देईन. ट्रायपॉडांचंही काहीतरी बघतो, एक-दोन नवे घ्यायचे आहेतच. निघायची वेळही जरा अलीकडे आणू.

गाडी धुताना मागच्या सीटखाली तुमच्या ७०-२०० ची ७७ एमएमची पुढची टोपी सापडली. पुसून दुकानात ठेवली आहे. पत्ता कळवलात तर आमच्या खर्चाने कुरिअर करतो.