टांगा हा आगगाडीचा जोडीदार होता

लग्नसराई सुरू झाली की साताऱ्यात सजवलेल्या बग्ग्या दिसू लागतात, आणि त्यांच्या छायाचित्रांखाली ‘आपली परंपरा’, ‘मराठेशाहीचा थाट’ अशा ओळी हमखास वाचायला मिळतात. वरातीच्या हौसेला माझा विरोध नाही. मात्र घोडागाडी ही मराठेशाहीची दैनंदिन वाहतूक होती, हा समज निराधार आहे, आणि या समजापायी टांग्याचा खरा इतिहास झाकला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठेशाहीत घोडा होता तो खोगिराखाली. गाडीला जुंपलेला घोडा सामान्य माणसाच्या आयुष्यात जवळजवळ नव्हता. धान्य आणि मीठ वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून किंवा तट्टांवरून जाई, तोफांचे गाडे बैल ओढत, श्रीमंत पालखीतून आणि मेण्यातून प्रवास करत, आणि बाकीचे सर्व जण पायी चालत. याचे कारण साधे आहे. चाकाला रस्ता लागतो, आणि सह्याद्रीत होत्या त्या पायवाटा. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली झाला. आपल्याकडे प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून महाबळेश्वरकडे रस्ता बांधवला, तोही याच सुमाराचा. म्हणजे घोड्याला चाके जोडण्याची सोयच इथे पेशवाई बुडाल्यानंतर झाली.

टांग्याला खरे दिवस आले ते १८८० च्या दशकात, आगगाडीमुळे. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मीटरगेज मार्ग वाठार, कोरेगाव, रहिमतपूर असा गेला. तो साताऱ्याला आला नाही. साताऱ्यासाठी पाडळीजवळ ‘सातारा रोड’ नावाचे स्थानक झाले, आणि तिथून शहर दहाएक मैलांवर राहिले. कऱ्हाडचे स्थानक ओगलेवाडीला. मुख्य मार्ग मिरजेवरून गेल्यामुळे सांगली बाजूला राहिली. तिला मिरजेहून फाटा मिळायला १९०७ उजाडले. वाई, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या लोकांनी उतरायचे वाठारला. थोडक्यात, आगगाडी आमच्या जिल्ह्यात आली, पण गावांना टाळून आली. स्थानक आणि घर यांच्यामध्ये उरलेले अंतर टांग्याने भरून काढले. गाडीच्या वेळेवर टांगा स्थानकाबाहेर उभा असे, टपाल आणि पाहुणे घेऊन निघत असे. वेळापत्रकाला बांधलेले हे अगदी आधुनिक वाहन होते. त्याला पुरातन ठरवून आपण त्याचाच अपमान करतो.

वाठार ते महाबळेश्वर हा मार्ग या दृष्टीने फार बोलका आहे. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम महाबळेश्वरी असे, आणि साहेब, कारकून, आचारी, पेट्या, सारा लवाजमा याच वाटेने वर चढत असे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मध्ये पसरणीचा घाट. जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांत सहाशे मीटरांची ही चढण घोड्याने ओढून न्यायची, आणि त्यानंतर महाबळेश्वर आणखी एकोणीस-वीस किलोमीटर. अशा लांब पल्ल्यावर टप्प्याटप्प्याला घोडी बदलावी लागत. म्हणजे वाटेत पागा, गवत, चंदी (घोड्याचा दाणा), पाणी, नालबंद आणि मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) हे सगळे आधीच सज्ज असावे लागे. टांग्यात बसलेल्याला पुढचे जनावर तेवढे दिसत असे. त्यामागची ही सारी मांडणी आज कोणाला आठवतही नाही.

टांगा हाकणे म्हणजे लगाम धरून ‘चल’ म्हणणे, असे ज्याला वाटते त्याने त्याची रचना जरा समजून घ्यावी. दोन चाकांच्या गाडीत सगळा खेळ तोलाचा असतो. मागच्या बैठकीवर भार जास्त झाला की दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, घोड्याच्या पोटात रुततो. पुढे भार जास्त झाला की तोच भार त्याच्या पाठीवर येतो. म्हणून प्रवासी बसल्याबसल्या टांगेवाला ‘मामा, जरा पुढं सरका’ किंवा ‘मावशी, पोराला मागं घ्या’ असे सांगत असे, आणि लोकांना तो उगाच हुकूम सोडतो असे वाटे. चढणीला भार आपोआप मागे जातो, म्हणून तेथे माणसे पुढे घ्यायची, आणि चढ फारच असेल तर धडधाकट मंडळींना खाली उतरवायचे. उतारावर तर घोड्याने मागच्या मांड्यांभोवतीच्या पट्ट्यावर सबंध गाडी तोलून धरायची. खडीच्या रस्त्यावर नाल झिजत, आणि तसेही खूर वाढत असल्याने चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाकडे जावेच लागे. हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकवले जात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे, तबेल्यात खरारा करता करता येत असे.

आता कडू भाग. मोटार उभी राहिली तर तेल पीत नाही. घोड्याचे तसे नाही. आमचे आजोबा म्हणत, ‘घोडं बसलं तरी खातंच.’ पावसाळ्यात प्रवासी घटले, तरी हरभरा आणि गवत यांचा खर्च चालूच राहतो. हा तोटा भरून काढण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे जादा माणसे कोंबणे आणि दमलेले जनावर पुन्हा जुंपणे. पोट हातावर असलेल्या टांगेवाल्याला यासाठी क्रूर म्हणायला मी धजणार नाही, पण घोड्याच्या पाठीवरच्या जखमा खोट्या नव्हत्या. केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनी जनावराकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास, तसेच पारा ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपण्यास मनाई केली. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चार माणसे, अशी मर्यादाही घातली. हे नियम आले तोवर टांग्याचा उतरता काळ सुरू झाला होता.

कारण १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि हळूहळू एस.टी. गावाच्या वेशीपर्यंत आली. पुढे रिक्षा आली. १९७० च्या सुमारास रुंदमापी (ब्रॉडगेज) मार्ग झाला, तेव्हा साताऱ्याचे स्थानक माहुलीजवळ, शहराच्या बरेच जवळ आले. ज्या अंतरावर टांगा जगत होता ते अंतरच संपले.

पर्यटनासाठी शहरात पुन्हा टांगे सुरू करावेत, ही सूचना अधूनमधून ऐकू येते. मला ती मुळीच पटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरियांची, म्हणजे हौशी फेरफटक्याच्या घोडागाड्यांची, सैर बेकायदा ठरवली. शिवाय डांबरावर, भोंग्यांच्या गर्दीत, केवळ छायाचित्रांसाठी जनावर उभे करण्यात कोणता वारसा जपला जातो? त्याऐवजी वाठार, ओगलेवाडी आणि मिरज या स्थानकांवर टांग्याच्या मार्गांचा एक साधा नकाशा लावावा. ज्यांच्या घरी टांगा होता, त्यांनी टांग्याचा परवाना, बिल्ला, चंदीचे हिशेब किंवा जुने भाडेपत्रक असल्यास त्याचे छायाचित्र येथे टाकावे, आणि तबेला कोणत्या पेठेत होता तेही लिहावे.