अठरा दिवसांची लाह आणि ‘बेकार’चा रकाना

होळीनंतर समाजशास्त्राच्या टी.वाय.च्या (पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या) मुलांना सर्वेक्षणाला पाठवलं होतं. प्रत्येकाने आपापल्या गावातली वीस घरं करायची आणि छापील प्रश्नावली भरून आणायची. सातपुड्यातल्या धडगावकडच्या एका वरच्या पाड्यातली मुलगी फॉर्म घेऊन स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, काकाच्या पुढे काय लिहू?"

प्रश्न साधा होता. गेल्या तीस दिवसांत किती दिवस काम मिळालं? काका बारडोलीकडच्या ऊसतोडीवरून होळीला घरी आला, तो परत गेलाच नाही. त्यानंतर अठरा दिवस तो पाड्यातली तीन घरं उभी करत होता. सागाचे खांब तासले, बांबूचे कूड विणले, कौलं चढवली. मजुरी कुणी दिली नाही, त्याने मागितलीही नाही. आमच्याकडे याला लाह म्हणतात. आज तुझ्या घरी सगळे, उद्या माझ्या घरी सगळे. ज्याचं घर त्याने जेवू घालायचं. फॉर्मच्या हिशेबाने मात्र हा माणूस बेकार.

मुलीने आधी शून्य लिहिलं होतं, मग ते खोडलं होतं, आणि शेजारी पुन्हा शून्यच लिहिलं होतं. ते खोडलेलं शून्य डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

ज्याने ती प्रश्नावली तयार केली तो वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. त्याच्या जगात काम म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते. त्याच्यासाठी ही व्याख्या हवेसारखी आहे, ती दिसतच नाही. आणि अशी हजारो शून्यं एकत्र झाली की त्यांचा तक्ता होतो, तक्त्याचा अहवाल होतो, अहवालावरून ‘सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये श्रमाची आवड कमी’ असं वाक्य लिहिता येतं. मग ते वाक्य मीच माझ्या वर्गात शिकवते. अनेक वर्षं शिकवलंय.

समाजशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला मार्क्स, दुर्खीम आणि वेबर ही तीन नावं पाठ असतात. मीही पाठ केली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे नाव मला एम.ए. होईपर्यंत एकाही पेपरात भेटलं नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय माणूस, साल १८९५. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातल्या काळ्या वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं. नेमणूक तात्पुरती, शिकवायला वर्ग नाही. तो बायकोला घेऊन त्याच वस्तीत राहिला आणि स्वतः दारोदार फिरला. १८९९ साली पुस्तक आलं. त्यात त्याने दाखवलं की या लोकांच्या गरिबीचं मूळ त्यांच्या रक्तात किंवा स्वभावात नाही. ते गुलामगिरीच्या इतिहासात आहे, बंद ठेवलेल्या नोकऱ्यांत आहे, जास्तीच्या घरभाड्यात आहे. नकाशे, तक्ते, घरोघरची माहिती, सगळं त्यात आहे. शिकागोचा समाजशास्त्र विभाग १८९२ पासून होता, पण शहराच्या अभ्यासासाठी त्याचं जे नाव झालं ते पुढच्या दोन-तीन दशकांत, म्हणजे ड्यू बॉइसच्या पुस्तकानंतर.

त्याच शिकागोच्या रॉबर्ट पार्कने १९२१ च्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात काळ्या माणसाला ‘वंशांमधली स्त्री’ म्हटलं. काळ्यांचा मूळ स्वभावच तसा, असं त्याचं म्हणणं. (एका वाक्यात काळे आणि बायका दोघांचा निकाल.) तो शास्त्रज्ञ ठरला. घरोघर फिरून पुरावा गोळा करणारा ड्यू बॉइस मात्र चळवळ्या, म्हणजे तटस्थ नसलेला ठरला. आणि ज्या वेबरला आपण पाठ करतो त्याने १९०४ च्या अमेरिका दौऱ्यात ड्यू बॉइसला गाठून आपल्या नियतकालिकासाठी लेख मागितला होता. तो १९०६ मध्ये जर्मनीत छापूनही आला. वेबरला जो माणूस मोलाचा वाटला तो आपल्या अभ्यासक्रमाला शंभर वर्षं दिसू नये, हा पुराव्याचा प्रश्न नाही. नेमणुका कोण करतं, पाठ्यपुस्तक कोण लिहितं, पैसा कुठे जातो, याचा प्रश्न आहे.

‘तटस्थ’ हा शब्द मी जवळून पाहिलाय. एका मुलाखतीत मी सातपुड्यातल्या स्थलांतरावरचा पीएच.डी.चा विषय मांडला. समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वतः त्याच समाजातल्या. मग तटस्थ कशा राहणार?" माझ्याआधी एक मुलगा आत गेला होता. जमीनदार घरातला, विषय त्याच्याच भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा, घरातले लोक सभासद. त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मी बाहेर आल्यावर त्यालाच विचारलं. त्याला तर प्रश्नच कळला नाही.

माझे बाबा तरुणपणी एका अभ्यासकाबरोबर दीड महिना डोंगर चढले होते. बोली समजावली, नात्यांची नावं सांगितली, कोणत्या घरी काय विचारायचं नाही तेही सांगितलं. त्या प्रबंधाच्या आभारात ‘स्थानिक मदतनीस’ एवढंच आहे. नाव नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी २००२ साली एका लेखात म्हटलं होतं की आपल्या सामाजिक शास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र अशी विभागणी झाली आहे. तो लेख वाचताना मला बाबा दिसत होते, खांद्यावर दुसऱ्याची बॅग घेतलेले.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतला वंश आणि आपली जात एकच आहे का? नाही. हे फार आधी आणि फार नेमकं सांगणारा माणूस आपलाच आहे. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता आणि १९०१ च्या जनगणनेची सूत्रं त्याच्याच हातात होती. त्यानंतर १५ वर्षांनी, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यात ते म्हणतात की युरोपीय अभ्यासकांनी जातीत रंगाला नको तेवढं महत्त्व दिलं, कारण त्यांची स्वतःचीच मनं रंगाच्या पूर्वग्रहाने भरलेली होती. बघणारा आपल्या डोळ्यातला रंग समोरच्या वस्तूला देतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला १९१९ मध्ये. तो उभा राहण्याआधी लिहिलेला हा निबंध मला तरी समाजशास्त्र म्हणून कुणी शिकवला नाही. आंबेडकर राज्यशास्त्रवाल्यांचे, घटनेचे. प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेच्या, म्हणजे नेटच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव विचारवंतांमध्ये आता आलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

दरवर्षी ३१ जुलैला आम्ही धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ मध्ये त्या दिवशी बाबासाहेब तिथे होते. पुढे कधीतरी वाचलं की १९४६ च्या जुलैत त्यांनी ड्यू बॉइसला पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे नेलं जातंय, त्याच्या प्रती मागितल्या होत्या. ड्यू बॉइसच्या उत्तरावर तारीख आहे ३१ जुलै. वंश आणि जात एक नाहीत हे दोघांनाही माहीत होतं, तरी एकमेकांचं काम वाचायला हवं हेही माहीत होतं. २००१ च्या डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेच्या वेळी आपल्याकडे मोठमोठ्या विद्वानांनी ‘जात म्हणजे वंश नव्हे’ एवढं सांगून विषय मिटवला, तेव्हा हे पत्र कुणी पुढे ठेवलं असतं तर फार बरं झालं असतं.

मग आदिवासींवर फक्त आदिवासींनीच लिहायचं का? वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. माझं उत्तर नाही असंच आहे. बाहेरचा माणूसही प्रामाणिकपणे बघू शकतो. इरावती कर्वे बर्लिनला वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपियनांची कवटी विशिष्ट प्रकारे असमान असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे, असं त्याला हवं होतं. बाईंनी मोजलं आणि तसं काही आढळत नाही असं लिहून दिलं. मार्गदर्शक तो, देश त्याचा, पदवी त्याच्या हातात.

आणि आतल्या माणसाला सगळं दिसतं असंही नाही. माझ्या प्रबंधासाठी मी सत्तर बायकांशी बोलले. डाकीण ठरवून पाड्याबाहेर काढलेल्या बाईबद्दल मी एकीलाही विचारलं नाही. माझ्या लोकांची बदनामी होईल, ही भीती होती. पुढे बाहेरून आलेल्या एका अभ्यासक मुलीने तो प्रश्न विचारला आणि माझ्या सख्ख्या मावशीने तिला दोन तास सगळं सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं. मी त्या घरची पुरुषांकडून मान मिळालेली, शिकलेली भाची होते. माझीही एक जागा आहे आणि तिथून काही गोष्टी दिसत नाहीत. ती जागा प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहायला हवी होती. मी लिहिली नाही, आणि ती मला कुणी विचारलीही नाही, कारण त्यांना माझ्या तटस्थतेबद्दल संशय होता तो भलत्याच कारणासाठी.

ड्यू बॉइसने आत्मचरित्रात लिहिलंय की फिलाडेल्फियातल्या काळ्या लोकांनी त्याचंही हसून स्वागत केलं नाही. कुठल्यातरी अजब प्राण्यासारखा आपला अभ्यास व्हावा हे त्यांना आवडत नव्हतं. स्वतः काळा असूनही त्याला ते ऐकावं लागलं. हे वाचलं तेव्हा मावशीवरचा माझा राग गेला.

मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटलं. मुलं ही व्याख्या परीक्षेत दोन गुणांसाठी लिहितात. या वर्षी मी वर्गात विचारलं, मागासलेले म्हणजे कुणाच्या मागे? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तळोद्याचा एक मुलगा अहिराणीत काहीतरी पुटपुटला आणि लगेच ‘सॉरी मॅडम’ म्हणाला. मी म्हटलं, तसंच बोल. तो जे बोलला ते त्याच्या मराठी उत्तरपत्रिकेत मला तीन वर्षांत दिसलं नव्हतं.

त्या मुलीच्या फॉर्मवर मी शून्य खोडून समासात लिहायला सांगितलं : लाह, १८ दिवस, ३ घरं. बहिःस्थ परीक्षक विचारतील, हे कोणत्या रकान्यात धरायचं. तोंडी परीक्षेला मी तिच्या शेजारी बसणार आहे. पुढच्या वर्षीची प्रश्नावली मुलंच करतील आणि आधी पाड्यातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवतील. त्यांनी हसून नाकारलेला प्रश्न आम्ही गाळू.

खान्देशातल्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गावात, पाड्यात, वस्तीत बिनमजुरीच्या कामाला जो शब्द असेल तो खाली लिहा. अहिराणी, भिली, पावरी, मावची, लेवा गणबोली, कुठलाही. अर्थ लिहा, कोण करतं तेही लिहा. बायकांच्या कामाचे शब्द मुद्दाम विचारून लिहा. फॉर्म जूनच्या आधी छापायचा आहे.